इतकी माणसे असताना काळजी कशाची?

वाचकाचे पत्र:

आम्ही चिंचवडला राहतो. मे महिन्यात एका रविवारी सासरची एकूण चौदा माणसे लोणावळ्याच्या बाजूच्या एका वॉटर पार्कला जाणार आहोत. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मुलगी सात वर्षांची आणि नणंदेचा मुलगा नऊ वर्षांचा. मला पोहता येत नाही, यजमानांना येते. गेल्या वर्षी अशाच सहलीत धाकटा दोन-तीन मिनिटे कोणालाच दिसेनासा झाला. सापडला तेव्हा लहान मुलांच्या पूलाच्या कडेला एकटाच बसून पाण्यात हात मारत होता. सगळे हसले, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. यंदा मी जाण्याबद्दल कुरकुर केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, इतकी माणसे आहेत, काळजी कशाची करतेस?” मी उगाच घाबरते आहे का? मुलांना घेऊन घरीच थांबावे का?

— एक आई, चिंचवड

उत्तर:

तुमची भीती उगाच नाही आणि घरी थांबण्याचीही गरज नाही. तुमच्या पत्रात खरा धोका ज्या वाक्यात आहे, ते वाक्य धीर देण्यासाठी उच्चारलेले आहे, एवढीच त्यातली अडचण. चौदा माणसांच्या घोळक्यात आईला वाटते की मूल बाबांजवळ आहे, बाबांना वाटते की आत्याने घेतले आहे, आत्याला वाटते की आजीपाशी बसले असेल, आणि या सगळ्या वाटण्यांच्या मधल्या जागेत साडेतीन वर्षांचे मूल चार पावले टाकून पाण्यापर्यंत पोहोचलेले असते. गेल्या वर्षी तुमच्या घरी नेमके हेच झाले. मुलगा सुखरूप सापडला म्हणून सगळे हसले. परंतु ती दोन-तीन मिनिटे कोणाच्या जबाबदारीची होती, हा प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला. बारभाईचा कारभार घरच्या कार्यात खपून जातो, कारण तिथे फार तर वरणात मीठ दोनदा पडते.

तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, म्हणून पाण्याचा हिशेब आधी सांगतो. बुडणारे लहान मूल ओरडत नाही आणि हात उंचावून कोणाला हाकही मारत नाही. श्वास घेण्यासाठी तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची त्याची धडपड चाललेली असते. ओरडण्यासाठी लागणारा श्वास त्याच्याजवळ उरतच नाही, आणि हात पाण्याला खाली दाबण्यात गुंतलेले असतात. दुरून पाहणाऱ्याला मूल पाण्यात खेळते आहे असेच वाटते. ही धडपड साधारण मिनिटभराच्या आत संपते, आणि त्यानंतर प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. घोटाभर पाण्यात ते तोंडावर पडले, तर आपण ज्या सहजतेने उठून बसतो त्या सहजतेने त्याला उठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. यातले बहुतेक मृत्यू नद्या, तळी, विहिरी आणि घराजवळच्या पाण्यात होतात. वॉटर पार्क त्या मानाने पुष्कळच सांभाळलेली जागा असते. मात्र मुलाचे शरीर सगळीकडे सारखेच वागते.

माझ्या पिढीतले बरेच जण गावच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला सुका भोपळा किंवा झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा बांधलेला असे, कमरेला दोर असे, आणि काठावर काका किंवा मामा तो दोर धरून उभा असे. त्या शिकवण्यात भीती फार होती, मुलांना ढकलूनही दिले जाई, आणि त्याचे मी मुळीच कौतुक करत नाही. पण एक गोष्ट त्या काठावर पक्की असे : दोर कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि ज्याच्या हातात असे त्याला दुसरे काम नसे. तंबाखू मळायची असली तरी तो आधी दोर दुसऱ्याच्या हाती देई. तुमच्या सहलीत नेमका हा दोर हरवला आहे, आणि तो परत आणणे हे एवढेच तुम्हाला करायचे आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री, सगळे जेवायला एकत्र बसतील तेव्हा, तीन मुलांची तीन नावे आणि त्यांच्यापुढे मोठ्यांची नावे ठरवून टाका. तुमच्याकडे अकरा मोठी माणसे आहेत, त्यामुळे कोणाचाच दिवस वाया जाणार नाही. धाकट्यासाठी एका वेळी एकच माणूस असावा आणि त्याने हाताच्या अंतरावरच राहावे. “नजर आहे” एवढ्याने पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत भागत नाही. हात लांब केला की मूल हाताला लागले पाहिजे. पाळी वीस मिनिटांची असू द्या, कारण त्यापेक्षा जास्त वेळ एकाच मुलाकडे खरोखर लक्ष देणे मोठ्या माणसाला जमत नाही, हे मुलांना पोहायला शिकवताना मी स्वतःच्याच बाबतीत पाहिले आहे. पाळी बदलताना ती तोंडाने बदलावी. “आता हा तुझ्याकडे” असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने “माझ्याकडे” असे उत्तर द्यावे. उत्तर आले नाही तर पाळी बदललेली नाही. सुरुवातीला हे नाटकी वाटेल, दिरांना हसूही येईल. जमल्यास एखादी भडक रंगाची टोपी पाळीच्या माणसाच्या डोक्यावर द्या, म्हणजे मुलेच तुमच्या बाजूने होतील आणि टोपी कोणाकडे आहे हे ओरडून सांगत राहतील. ज्याच्याकडे पाळी आहे त्याच्या हातात मोबाइल नसावा, तोंडात पाण्याबाहेरच्या माणसांशी लांबलेल्या गप्पा नसाव्यात आणि पोटात मद्य नसावे. फोटो दुसऱ्याने काढावेत.

तुम्हाला पोहता येत नाही, म्हणून पाळीतून स्वतःला वगळू नका. गुडघ्याएवढ्या पाण्यात मुलाला उचलून घेण्यासाठी पोहण्याची गरज नसते, जवळ असण्याची असते. मात्र जिथे तुमच्या छातीला पाणी लागते तिथे मुलाला घेऊन जाऊ नका. त्या पाण्यातली पाळी यजमानांची किंवा पोहता येणाऱ्या दुसऱ्या कोणाची असावी. नऊ वर्षांचा भाचा हा कोणाचाही पहारेकरी नव्हे, हेही घरात स्पष्ट सांगा. “दादा आहे ना बरोबर” असे म्हणून दोन मुलांना एकत्र सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि बुडणाऱ्या लहान मुलाने मिठी मारली की त्याला वाचवू पाहणारे दुसरे मूलही त्याच्याबरोबर खाली जाते.

जीवरक्षकांविषयी दोन शब्द. ते असतात, शिट्टी वाजवतात, आणि चांगल्या ठिकाणी प्रशिक्षितही असतात. आपल्या पट्ट्यातली अडचण १० सेकंदांत ओळखायची आणि पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचायचे, असा एक नियम जगात अनेक ठिकाणी जीवरक्षकांना शिकवला जातो. पण मेमधल्या रविवारी एका जीवरक्षकासमोर शेकडो डोकी असतात आणि त्यातले तुमचे डोके कोणते हे त्याला माहीत नसते. तो तुमच्या पहाऱ्यानंतरचा दुसरा पहारा आहे. तिकीट काढले म्हणजे पहारा विकत घेतला, असा समज करून घेऊ नये. शक्य असेल तर रविवारऐवजी एखादा कामाचा दिवस निवडा; एका दिवसाची रजा आणि निम्मी गर्दी हा सौदा मला तरी नेहमी फायद्याचा वाटला आहे.

आता पाण्याबाहेरच्या वेळेकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथे असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पाण्यात असताना सगळे जागे असतात. कपडे बदलताना, लॉकरची किल्ली शोधताना, जेवणाची कूपने घेताना, भज्यांची ताटली कोणाची यावर चर्चा चालली असताना प्रत्येकाला वाटते की आता पाणी संपले. मुलाच्या दृष्टीने पाणी संपलेले नसते. ते वीस पावलांवर चमकत असते. त्यातच जेवणासाठी त्याचे लाइफ जॅकेट काढून ठेवलेले असते. सकाळभर जॅकेट घालून तरंगलेल्या मुलाची अशी ठाम समजूत झालेली असते की पाणी आपल्याला धरून ठेवते. जॅकेटने धरले होते हे त्याला कळत नाही. ते त्याच विश्वासाने पुन्हा पाण्यात उडी मारते. काही वर्षांपूर्वी एका सहलीत माझी चार वर्षांची भाची अशीच उठून गेली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब करत होतो, आणि एका अनोळखी बाईंनी तिला पायरीवर अडवले. म्हणून धाकट्याची पाळी जेवणाच्या वेळी आणि कपडे बदलताना मोडू नका, उलट त्या वेळी सर्वांत शांत आणि न उठणारे माणूस नेमा.

लहान मुलांचा पूल उथळ असतो, म्हणून तो सुरक्षित आहे असे समजून तिथे खुर्चीवर बसून राहण्याची चूक पुष्कळ पालक करतात. तिथे मुले घसरून पडतात, छोट्या घसरगुंडीवरून येणारी मुले खाली उभ्या मुलांवर आदळतात, आणि वर लटकलेली मोठी बादली उपडी झाली की एकदम कोसळलेल्या पाण्याने साडेतीन वर्षांचे मूल सहज आडवे होते. त्या बादलीखाली त्याला एकटे उभे करू नका. कडेच्या फरशीवर धावायचे नाही, हा नियम मुलांना घरूनच पाठ करून न्या. पाणी शोषून घेणाऱ्या जाळ्यांजवळ कोणाला बसू देऊ नका. मुलीचे केस मोकळे ठेवू नका, घट्ट वेणी किंवा अंबाडा घालून टोपी घाला, कारण अशा जाळीत लांब केस ओढले जाऊ शकतात.

वेव्ह पूल मात्र धाकट्यासाठी जवळजवळ वर्ज्य समजा. हा पूल समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता असतो. कडेला पाणी शून्यापासून सुरू होते आणि आत जाता जाता मोठ्या माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचू शकते. लाटा सतत नसतात, त्या यंत्राने थोड्या थोड्या वेळाने सोडल्या जातात. आधी भोंगा वाजतो, आणि भोंगा ऐकताच संपूर्ण पार्कमधली माणसे तिकडे धावतात. जे मूल शांत पाण्यात कमरेपर्यंत उभे होते, त्याचे पाय लाट आल्यावर जमिनीवरून सुटतात, परतणारे पाणी त्याला आत खेचते, आणि चहूबाजूंनी मोठी माणसे व ट्यूब असल्यामुळे ते कुणालाच दिसत नाही. मुलीला आणि भाच्याला न्यायचे असेल तर लाइफ जॅकेट घालून, प्रत्येकाबरोबर पोहता येणारे एक मोठे माणूस देऊन, आणि शांत पाण्यात त्यांच्या मांडीच्या वर पाणी जाणार नाही इतक्याच अंतरावर न्या. धाकट्याने काठावर बसून पायाला लाट लागू दिली तरी त्याची सहल पुरी होते. लाटेत जाण्याचा हट्ट बहुधा त्याच्या बाबांचाच असतो.

मोठ्या स्लाइडवर उंचीची पट्टी लावलेली असते. मुलाला टाचा उंचावायला सांगणारे, जाड तळव्यांच्या चपला घालून रांगेत उभे करणारे आणि वर जाऊन “ती दिसते लहान, पण आठ वर्षांची आहे” असे सांगणारे पालक मी पाहिले आहेत. ही पट्टी वयाची नसून उंचीची आणि वजनाची आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. हलके शरीर वळणावर उलटे होऊ शकते किंवा मध्येच थांबते, मग मागून येणारा जड माणूस त्याच्यावर आदळतो. आणि खालच्या पाण्याची खोली पट्टीएवढ्या उंचीच्या मुलासाठी ठरवलेली असते. मुलीची उंची घरी मोजून ठेवा आणि तिला कोणत्या स्लाइड मिळणार नाहीत हे निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे रांगेत रडारड होणार नाही. ज्या मिळतील त्यांवर एक माणूस वर आणि एक खाली उतरण्याच्या जागी असावा. पाठीवर झोपून, पाय पुढे ठेवून, वरचा कर्मचारी सांगेल तसे हात छातीवर घेऊन खाली यायचे, आणि पाण्यात पडताच बाजूला व्हायचे. भाचा पोटावर झोपून डोके पुढे करून जाण्याचा प्रयत्न करणार, हे गृहीत धरा. नऊ वर्षांच्या मुलांना तेच आवडते. आणि धाकट्याला मांडीवर घेऊन कोणीही घसरू नये. आपल्याला वाटते की मांडीवर मूल जास्त सुरक्षित आहे, पण त्याचा पाय कडेला अडकला की मोठ्या माणसाच्या सगळ्या वजनाचा वेग त्या एका हाडावर येतो आणि नडगीचे हाड मोडते. बागेतल्या घसरगुंडीवरही हे होते.

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे मागून घ्या. घातल्यावर सगळे पट्टे लावून खांद्यापाशी धरून वर उचलून पाहा. जॅकेट हनुवटी आणि कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. पायांमधून जाणारा पट्टा असलेले मिळाले तर उत्तम. दंडात घालायचे हवेचे फुगे आणि बदकाच्या आकाराची ट्यूब ही खेळणी आहेत. पोहण्याचे कपडे नारिंगी, गुलाबी किंवा पोपटी अशा भडक रंगाचे घ्या. निळ्या तळाच्या पाण्यात निळा पोशाख दिसेनासा होतो. पार्कमध्ये सुती कपडे बहुधा चालतच नाहीत. आता एक नाजूक मुद्दा. मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा असेल, कमरेला करदोटा असेल, मुलीच्या पायात पैंजण असतील, तर ते सगळे घरी काढून ठेवा. गळ्यातला दोरा स्लाइडच्या जोडात किंवा ट्यूबच्या मुठीत अडकला तर तो तुटेलच असे नाही. घरातल्या ज्येष्ठांना दोरा काढणे रुचत नसेल तर तेवढ्या दिवसापुरता तो देवापुढे ठेवावा. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

उन्हाचे आणि पोटाचे थोडक्यात सांगतो. पूर्ण बाह्यांचा पोशाख, निघण्यापूर्वी सनस्क्रीन आणि दर दोन तासांनी पुन्हा. तापलेल्या फरशीसाठी पाण्यातल्या चपला. आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी. ओठ निळसर दिसले किंवा मूल कुडकुडू लागले की त्याला बाहेर काढून कोरडे करावे, मग ते कितीही रडो. गेल्या काही दिवसांत कोणाला जुलाब झाले असतील तर त्याने पाण्यात उतरू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू क्लोरिनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. पाण्यात घालायचा डायपर घातल्याने ही घाण पाण्यात पसरायची थांबत नाही. धाकटा डायपर वापरत असेल तर तो दर तासाला, आणि पूलाच्या काठावर नव्हे तर कपडे बदलण्याच्या खोलीत बदला.

मूल दिसेनासे झाले तर काय करायचे हेही आधीच ठरवा. गेल्या वर्षी तुम्ही कदाचित आधी दुकाने आणि झोपाळे शोधले असतील. या वेळी आधी पाणी शोधा, सर्वांत जवळचे पाणी सर्वांत आधी, आणि त्याच क्षणी जीवरक्षकाला सांगा. मूल आइसक्रीमच्या गाडीपाशी सापडले तर थोडी शरम वाटेल, एवढेच. सकाळी पार्कमध्ये शिरल्यावर, पोहण्याच्या कपड्यांतला प्रत्येक मुलाचा एक फोटो काढून ठेवा आणि न पुसणाऱ्या पेनाने दंडावर तुमचा फोन नंबर लिहा.

ज्या पानाची कधी गरज पडू नये असे पान आता उघडतो. पाण्यातून काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे धरून हलवणे, खांद्यावर टाकून धावणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडचे सगळे उपाय बाजूला ठेवायचे. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याला कठीण जमिनीवर पाठीवर झोपवून, तोंडाने श्वास देऊन, मग ३० वेळा छाती दाबणे आणि २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवायचा असतो. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. तुमच्या अकरांपैकी निदान यजमानांनी सहलीपूर्वी असा एक वर्ग करावा असे मी सुचवीन. पाणी नाकातोंडात जाऊन ज्याला जोराचा ठसका लागला, खोकत राहिले किंवा गुंगल्यासारखे वाटले, ते मूल नंतर हसू लागले तरी सहा ते आठ तास त्याच्याकडे लक्ष ठेवा. खोकला वाढला, श्वास भराभर होऊ लागला किंवा ते अवेळी पेंगुळले, तर घरी न जाता आधी रुग्णालयात न्या.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी “काळजी का करू नये” यावर वाद घालू नका. त्या वादात तुम्ही घाबरट ठराल आणि सहलही कडू होईल. त्यांच्या वाक्यातली “इतकी माणसे” तुम्हाला हवीच आहेत, फक्त ती मोजून हवी आहेत. म्हणून त्यांना एक काम द्या, आणि ते खरोखरीचे महत्त्वाचे काम असू द्या. त्या पाण्यात उतरणार नसतील आणि एका जागी बसणार असतील, तर जेवणाच्या वेळची धाकट्याची पाळी त्यांच्याइतकी चांगली कोणीच सांभाळू शकणार नाही. आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणा, “आई, जेवताना हा तुमच्याकडे. तुम्ही ‘माझ्याकडे’ म्हणाल्याशिवाय मी त्याचा हात सोडणार नाही.” आणि मग खरोखरच, त्या तसे म्हणेपर्यंत, त्याचा हात सोडू नका.